जोडशाळा

दिवाळीच्या तोंडावर कानोसा नावाचं यंत्र बसवायला जो माणूस आमच्या शाळेत आला, त्याला मी पहिलाच प्रश्न विचारला, "हे काय काय ऐकणार?"

तो शिडीवरूनच म्हणाला, "मॅडम, हे बोलणं ऐकतच नाही. तुम्ही गप्प असता तेवढंच ऐकतं."

"मग उतरा खाली आणि दुसरीकडं न्या," मी म्हटलं. "माझ्याकडं हे उपाशी मरेल."

त्याला हसू आलं. मला आलं नाही. मी खरंच सांगत होते. मी सारिका वाकचौरे, करवंदवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, घंटा वाजवणारी आणि कुलूप लावणारी. शाळेला खोली एक, इयत्ता चार, बाई एक. चारही इयत्ता एकाच वेळी शिकवायच्या म्हणजे तोंड बंद ठेवून चालत नाही. पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं, दुसरीला बेरीज, तिसरीला नकाशा, तोवर चौथीतला कुणीतरी खिडकीवर चढलेला असतो. सकाळच्या परिपाठापासून खिचडीच्या सुट्टीपर्यंत आणि तिथून शाळा सुटेपर्यंत माझं तोंड चालू. शाळा सुटली की मात्र बोलायला कुणीही नाही.

हे दुसरं मी तेव्हा कुणाला सांगत नव्हते. आता सांगते. वाडीतली तरणी माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात ती होळीच्या आसपास परत येतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. पोरं राहतात, कारण मी दरवर्षी दिवाळीच्या आधी दारोदार जाऊन भांडते, "तुम्ही जा, पोरं न्यायची नाहीत," म्हणून. शाळेला लागूनच माझी खोली आहे. बदलीची संधी तीनदा आली, तीनदा मी नको म्हटलं. पोरं सोडवत नव्हती आणि संध्याकाळी खोली खायला उठायची, दोन्ही खरं.

तर कानोसा. केंद्रप्रमुख आरोटे साहेब त्याची माहिती द्यायला वर आले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. आरोटे साहेब भले, फक्त पायऱ्या चढल्या की त्यांना बराच वेळ बोलता येत नाही, म्हणून मीच सुरुवात केली.

"साहेब, पुन्हा नंबर लावणार असाल तर आधीच सांगा. तालुक्याच्या गावची शाळा पहिली, आणि आमची शेवटून दुसरी. तिथं तहसील कचेरीतल्या लोकांची पोरं, घरी मराठी पुस्तकं, शिकवणी, पंखा. माझ्याकडं घरी ठाकरी बोली बोलणारी पोरं, आई-बाप भट्टीवर. माझी शाळा कुणाशी तोलूच नका."

"तेच तर आता बंद होतंय," साहेब धापा टाकत म्हणाले. "चहा टाका, सांगतो."

चहा होईपर्यंत त्यांनी मला जे सांगितलं, ते मला पटलं, आणि मला सहसा काही पटत नाही. प्रश्न संपतो आणि उत्तर सुरू होतं, त्याच्या मधे एक फट असते. आजवर सगळ्यांनी उत्तरं तपासली, फटीकडं कुणी बघितलं नाही. कुठल्याशा प्रयोगशाळेत मुलांच्या शिकण्यावर काम करणाऱ्या लोकांना दिसलं, की ही फट तीन तऱ्हेची असते. उत्तर पाठ असलं की फट जवळजवळ नसतेच. मूल घाबरलेलं असलं की ते श्वास धरून ठेवतं आणि फटीत काहीच ऐकू येत नाही. पण मूल खरोखर विचार करत असलं, तर ती फट बारीक आवाजांनी भरलेली असते. श्वास तोकडा होतो, जीभ टाळूला लागून सुटते, ओठ शब्द बोलण्याआधी जुळवून बघतात, पायाचा अंगठा फरशीवर घासतो. आपल्या कानांना हे लागत नाही, कानोशाला लागतं. शाळेत विचार किती चाललाय, हे तो या फटींवरून ठरवतो.

"आणि पोरांचं बोलणं?"

"मुलांचा आवाज साठवायला कायद्यानं बंदी आहे. सकाळी हजेरीला पोरं 'हजर' म्हणतात, तेवढे आवाज मोजून यंत्र पट लिहितं. बाकी शब्द तिथल्या तिथं पुसून टाकतं. तालुक्याला जाते ती फक्त शांतता."

दुसरी गोष्ट होती जोडशाळेची. खत लागू पडलं का हे बघायचं असेल तर शेतकरी माळावरचं रान आणि नदीकाठचं रान शेजारी ठेवत नाही, एकाच मातीचे दोन वाफे घेतो. तसं यंत्र आता तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला तिच्यासारखीच दुसरी शाळा शोधून देणार होतं. घरची बोली, रस्ता, पाऊस, किती आई-बाप स्थलांतर करतात, शिक्षक किती वर्षं तिथंच आहे, एकटा आहे का, सगळं बघून. तुलना फक्त त्या दोघींत व्हायची.

"हे आधी सुचायला काय झालं होतं?" मी म्हटलं. "माझी जोड कोण?"

साहेबांनी दाराबाहेर बोट दाखवलं. धरणाचं पाणी आमच्या वाडीच्या पायथ्याशी येऊन थांबलंय. त्याच्या पलीकडच्या डोंगरावर एक पांढरी भिंत दिसते आणि सकाळी तिच्यावर झेंड्याएवढं काहीतरी हलतं. "हिरडेवाडी. अंकुश धिंदळे सर. तेही एकटेच."

इतकी वर्षं मी ती भिंत बघत होते, पण कधी गेले नव्हते. रस्त्यानं जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा घालून दिवस मोडतो. होडी फक्त बाजाराच्या दिवशी.

चहाचा कप खाली ठेवताना साहेबांनी उरलेलं सांगितलं. खाली डांबरी रस्त्याला वसतिगृहासकट मोठी समूहशाळा बांधून तयार झाली होती. छोट्या शाळांच्या प्रत्येक जोडीतून एकच शाळा ठेवायची, दुसरीची पोरं खाली वसतिगृहात. कुठली ठेवायची ते कानोसा सांगेल. आजवर हे पुढाऱ्याच्या शब्दावर ठरायचं, आता न्यायानं ठरेल, असं ते म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं.

"म्हणजे मी किंवा ते," मी म्हटलं.

"करवंदवाडी किंवा हिरडेवाडी," साहेब म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई."

दिवाळी झाल्यावर पहिल्या महिन्याचा निकाल आला आणि माझी जिरली. विचाराची शांतता जवळजवळ नाहीच. मी दिवसभर काय करते हे मला यंत्रानं दाखवलं. मी प्रश्न विचारते, पोरं तोंड उघडेपर्यंत उत्तर मीच देते, मग विचारते, "कळलं का?" आणि सगळी पोरं एका सुरात म्हणतात, "होऽऽ." हे "कळलं का, होऽऽ" आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. माझ्या बाईंनीही मला असंच शिकवलं होतं. त्या "होऽऽ"च्या आधी यंत्राला एकही फट सापडली नव्हती.

हिरडेवाडीचा आकडा माझ्या कितीतरी पुढं होता. निकालाच्या खाली एक सोय दिली होती, जोडशाळेची शांतता ऐकायची. बघा आणि शिका, असा हेतू.

शाळा सुटल्यावर मी फोन घेऊन ओट्यावर बसले आणि ऐकलं. आधी वाटलं बिघडलंय. मग खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. एक माणूस हलकंसं खाकरला. कुठंतरी कावळा. आणि नुसतं थांबणं. माझ्यानं राहवेना. "अहो, सांगून टाका की," मी मोठ्यानं म्हटलं. त्यांनी सांगितलं नाही. ते थांबले, आणखी थांबले, आणि मग ती शांतता मधेच तुटली, म्हणजे तिथं कुणीतरी उत्तर दिलं होतं आणि यंत्रानं ते पुसलं होतं. मग दुसरी शांतता.

मी रोज ऐकायला लागले. शिकण्यासाठी ऐकत होते असं मी स्वतःला सांगायचे. खरं सांगायचं तर मला सोबत झाली. हा माणूस उत्तराची वाट बघताना टेबलावर बोटं आपटत नाही, हे मला कळलं. त्याची खुर्ची एका पायानं लंगडी आहे, हे कळलं. बरं वाटत नसलं की तो नाकानं श्वास घेत नाही, हेही कळलं, आणि मी मनातल्या मनात त्याला ओवा घ्यायला सांगितलं. माझ्यासारखंच जगणारा एक माणूस पाण्यापलीकडं होता, आणि मला त्याचा एकही शब्द माहीत नव्हता.

मग मी वर्गात थांबून बघितलं. सोपं नाही ते. जिभेला चिमटा लावल्यासारखं होतं. पोरं आधी घाबरली. बाई रागावल्या असं त्यांना वाटलं. मी हसून बघत राहिले, तेव्हा त्यांना आणखीनच भीती वाटली. पण हळूहळू त्यांना सवय झाली, मलाही.

तिसरीत तनू मेंगाळ नावाची मुलगी होती. आई-बाप भट्टीवर, घरी आजी, आजीला ऐकू कमी. तनू शाळेत आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची आणि तिच्या वतीनं शेजारची पोरगी "हजर" म्हणायची. मी तिच्यावर काय काय उपाय केले, रागावले, गोळ्या दिल्या, आणि शेवटी तिला विचारणंच सोडलं होतं. त्या दिवशी मी विचारलं, "दुपारी सावली एवढीशी का होते?" आणि चुकून माझी नजर तिच्यावर थांबली. मग म्हटलं, थांबायचंच तर इथं थांबू.

मी थांबले. पोरं चुळबुळ करायला लागली, त्यांना मी हातानंच गप्प केलं. बाहेर शेळी ओरडून गेली. तनू फरशीकडं बघत होती आणि तिचा अंगठा पुढं-मागं होत होता.

"सूर्य वर आला का," ती म्हणाली, "तिला पडायला जागाच नाय उरत."

मी फळ्याकडं तोंड केलं आणि उगाच काहीतरी पुसलं. पोरांना माझे डोळे दिसू द्यायचे नव्हते. त्या दिवसापासून तनू बोलायला लागली. प्रत्येक वेळी तेवढंच थांबावं लागायचं, पण थांबलं की उत्तर यायचं, आणि ते उत्तर दुसऱ्या कुणाला सुचलेलं नसायचं.

माझा आकडा चढायला लागला. हिरडेवाडीचा मात्र पुढंच राहिला.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते, वाडी रिकामी होती. एका दुपारी हिरडेवाडीची शांतता ऐकत बसले असताना मला एक आवाज आला. थप. थोड्या वेळानं पुन्हा थप. मी तो आवाज ओळखला. साच्यात भरलेली ओली माती जमिनीवर उलटी करून वीट सोडतात, तो. आई-बापांनी शाळेतली एक-दोन पोरं गुपचूप नेली होती तेव्हा मी त्यांना आणायला भट्टीवर गेलेय, तो आवाज डोक्यातून जात नाही. पण शाळेत वीट कोण थापतंय?

मी मागच्या सगळ्या शांतता पुन्हा ऐकल्या, आता नीट कान देऊन. दिवाळीच्या आधीच्या एक-दोनच शांततांत फरशीवर पायांची घासघूस होती, पाट्यांची खडखड होती. दिवाळीनंतर ते काहीच नव्हतं. खोलीत एकच माणूस श्वास घेत होता. आणि प्रत्येक शांततेच्या सुरुवातीला एक कोरी जागा होती, सगळीकडं सारखीच. त्या जागेनंतर पोरांचे बारीक श्वास यायचे, पण ते खोलीतले नव्हते. त्यांच्या मागं वारा होता आणि थप, थप.

मला कळायला वेळ लागला नाही. धिंदळे सरांची पोरं भट्टीवर होती. सर रिकाम्या शाळेत बसून फोनवर त्यांना शिकवत होते. आणि लांबच्या फोनला प्रश्न पोचायला जो वेळ लागतो, तोही, मागून श्वास येतात म्हणून, कानोसा पोरांचा विचार समजून मोजत होता.

त्याच आठवड्यात आरोटे साहेबांचा फोन आला. "बाई, तुम्ही कमाल केलीत, पण हिरडेवाडी पुढंच आहे. सोमवारी नावं वर जातील. जोडशाळेच्या शांततेबद्दल काही आक्षेप असेल तर त्याआधी सांगायचा. तुमचा हक्क आहे तो."

"आणि आक्षेप खरा निघाला तर?"

"पोरं शाळेत नसली तर पट शून्य. पट शून्य असलेली शाळा तशीच बंद होते, मग तुलना कशाला? पण तसलं काही नाही ना तिथं?"

"सोमवारी सांगते," मी म्हटलं.

बाजाराच्या दिवशी मी होडीत बसले.

ती पांढरी भिंत जवळून तेवढी पांढरी नव्हती. शाळेचं दार उघडं होतं. बस्करपट्ट्या नीट अंथरलेल्या, त्यांच्यावर कुणी नाही. टेबलावर पाण्याच्या पेल्याला टेकवून फोन ठेवलेला, आणि लंगड्या खुर्चीवर बसलेला माणूस त्याला विचारत होता, "वीट भाजल्यावर हलकी का होते?" मग तो थांबला. मी दारातच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण थांबणं मोडलं नाही. फोनमधून एका पोराचा आवाज आला, "तिच्यातलं पाणी निघून जातं, गुरुजी." आवाज अगदी खोलीतल्यासारखा.

तास संपल्यावर त्यांनी फोन उपडा ठेवला.

"वाकचौरे मॅडम," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बांगड्या." ते संकोचून हसले. माणूस माझ्याच वयाचा, केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेले. "मीही ऐकतो ना. तुमच्याकडं सुरुवातीला शांतता फार थोडी असायची. जेवढी असायची तीत बांगड्या वाजायच्या. मला वाटायचं, या बाई बसत नाहीत काय कधी?"

"नाही बसत," मी म्हटलं, आणि उभीच होते म्हणून बसले.

त्यांनी चुलीवर चहा टाकला. मी विचारलं नाही तरी त्यांनीच सांगितलं. आई-बापांनी पोरं नेली. यांना माझ्यासारखं भांडता येत नाही. पोरं विसरू नयेत म्हणून भट्टीवरच्या एका मुकादमाला धरून त्याच्या फोनवर यांनी रोज तास घ्यायला सुरुवात केली. सवयीनं हजेरी घेतली, पोरांनी तिकडून "हजर" म्हटलं आणि कानोशानं पट भरला.

"मी खोटं बोललो नाही," ते म्हणाले. "पण खरंही सांगायला गेलो नाही. आणि थांबण्याचं म्हणाल, तर ते मला येत नव्हतं. सगळ्यांसारखंच, कळलं का, होऽऽ. पण फोनवर घाई केली की दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं. म्हणून थांबायला लागलो. थांबलो तर पोरं विचार करायला लागली. यंत्राची चूक खरी, पण पोरांचा विचारही खरा, मॅडम."

"मला माहितेय," मी म्हटलं. "मी तुमच्याकडूनच शिकले."

त्यांनी चहा गाळून माझ्यापुढं ठेवला. दोन माणसं समोरासमोर बसून गप्प राहिली आणि मला जड गेलं नाही, असं माझ्या आयुष्यात क्वचितच झालं असेल.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं हल्ली एक मूल आहे, त्याची शांतता फार लांब असते. मी ती रोज ऐकतो. कोण ते?"

"तनू," मी म्हटलं. "तिसरीत आहे. तुमच्यामुळं बोलायला लागली."

"खाली वसतिगृहात गेली तर?"

"तिथं एका वर्गात चाळीस पोरं. तिच्यासाठी कोण थांबणार?"

त्यांनी पेला उचलून पुन्हा ठेवला. "सोमवारी आक्षेप सांगा," ते म्हणाले. "तुमची पोरं शाळेत आहेत. माझी नाहीत."

"आणि होळीला परत आली की कुठं जातील? गप्प बसा तुम्ही," मी म्हटलं. पहिल्याच भेटीत परक्या माणसाला हे म्हणायला नको होतं, पण गेलं तोंडातून. होडीची वेळ झाली होती. ते काठापर्यंत पोचवायला आले आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते; मला माहीत आहे, कारण मी मागं वळून बघत होते.

सोमवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. तनूचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि त्या रिकाम्या बस्करपट्ट्याही. मी आक्षेप घेतला तर माझी शाळा वाचत होती, एका वाक्याचं काम होतं. पण त्या माणसाच्या थांबण्यावर माझी तनू बोलती झाली होती, आणि त्याच थांबण्याला मी चूक म्हणायचं? यंत्रानं जोडी अगदी बरोबर लावली होती, म्हणून तर मला निवडता येईना.

आरोटे साहेबांचा फोन आला. मी म्हटलं, "माझा काही आक्षेप नाही."

"बाई, नक्की?"

"नक्की. पोरांना कधी न्यायचं तेवढं आधी कळवा. म्हाताऱ्या माणसांना मला सांगावं लागेल."

फोन ठेवला आणि वर्गात गेले. तनूनं विचारलं, "बाई, तुम्ही बोलत का नाय आज?" मी म्हटलं, "घसा बसलाय." त्या दिवशी माझ्या वर्गात कानोशाला हवी तेवढी शांतता मिळाली असेल, पण ती कुठल्याही तऱ्हेत बसणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सवयीनं मी हिरडेवाडी लावली. वाटलं, आता थोडेच दिवस ऐकायला मिळेल.

त्या दिवशी एकच शांतता होती. खडू ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची लंगडली. सरांनी काहीतरी विचारलं असणार, ते पुसलेलं होतं. मग थांबणं सुरू झालं. मी त्या कोऱ्या जागेची वाट बघितली, तिच्यानंतरच्या पोरांच्या श्वासांची, थप थपची. काहीच आलं नाही. वारा नाही, भट्टी नाही. त्यांनी फोन लावलाच नव्हता. ते रिकाम्या खोलीला प्रश्न विचारून थांबले होते. एक माणूस सावकाश श्वास घेत होता. ही शांतता आपोआप तुटणार नाही, हे माझ्या लक्षात आलं, तरी मी ऐकत राहिले. शेवटी यंत्रच थकलं आणि बंद झालं.

मला ते काय सांगत होते ते कळलं. शब्द असते तर मी त्यांच्याशी भांडले असते, हे त्यांना ठाऊक होतं.

हजेरीला एकही "हजर" ऐकू आलं नाही, तेव्हा कानोशानं पट तपासायचा निरोप तालुक्याला आपोआप पाठवला. आरोटे साहेब वळसा घालून हिरडेवाडीला गेले. सरांनी काही लपवलं नाही. मला हे सगळं साहेबांनीच सांगितलं आणि म्हणाले, "शिक्षा मी होऊ दिली नाही. कुठली शाळा हवी विचारलं, तर म्हणाले, भट्टीवर शाळा चालवायला माणूस पाठवत असाल तर मला पाठवा. असा माणूस मी बघितला नाही."

मी बघितला होता. एकदाच, पण बघितला होता.

भट्टीवरून त्यांचा एकदा फोन आला. "पोरं समोर बसलीत," ते म्हणाले. "मधे फोन नाही, तरी थांबतो. सवय झाली." मला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. मी बोलायला लागले, तेवढ्यात तेही बोलायला लागले, दोघांचं एकमेकांवर आदळलं, आणि मग दोघंही एकदम थांबलो. रेंज गेली. पुन्हा लागला नाही.

हिरडेवाडीची पोरं होळीला परत आली आणि समूहशाळेच्या गाडीत बसून खाली गेली. माझी शाळा राहिली. तनू चौथीत गेली. हजेरीला आता ती स्वतः "हजर" म्हणते, जरा उशिरा. मी त्यासाठी खूश आहे, आणि खूश असल्याबद्दल मला वाईटही वाटतं, रोज.

नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा आरोटे साहेब पायऱ्या चढून आले आणि धाप ओसरल्यावर त्यांनी फोनचा पडदा माझ्यापुढं धरला. यंत्रानं माझ्यासाठी नवी जोड शोधली होती. तालुका चाळून झाला होता. खाली एकच ओळ होती: आपल्या शाळेला जोडशाळा उपलब्ध नाही.

"घ्या," साहेब हसत म्हणाले. "तुम्हाला हवं होतं तेच झालं, बाई. आता तुमची शाळा कुणाशी तोलता येत नाही."

मी त्यांना चहा दिला. ते उतरून गेले. पोरं केव्हाच घरी गेली होती. समोरच्या डोंगरावर ती भिंत होती, तिच्यावर काही हलत नव्हतं. मी ओट्यावर बसले आणि पाण्याकडं तोंड करून सवयीनं विचारलं, "कळलं का?"

आणि थांबले. आता मला थांबता येतं.